दामिनी मॅडमचा उलट्या बाजूचा अभ्यास

दामिनी घाटोळ ही बाई आपल्या बाजूची आहे की समोरच्या, हे मला अजून कळलेलं नाही. एरवी मी माणूस ओळखायला वेळ लावत नाही. तहसीलच्या पायरीवर उभा असलेला माणूस काम घेऊन आलाय की दलाली करायला, ते मी लांबून सांगतो. पण ह्या बाईपाशी माझं डोकं चालत नाही. म्हणून लिहून पाहतो.

गावाचं नाव लिहीत नाही. वलगावच्या पुढे, परतवाड्याच्या रस्त्यापासून जरा आत, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आमचा उपसरपंच शालिकराम मला नोटीस पाठवेल, आणि तिला उत्तर देण्यात माझा महिना जाईल.

दामिनी मॅडम अकोल्याच्या. वडील तिथे फुलं विकायचे, झेंडू आणि शेवंती. म्हणजे घर माळ्याचं, आमच्या गावातल्या निम्म्या घरांसारखंच. आता त्या अमरावतीत राजापेठेत खोली करून राहतात. खोलीच्या खाली इंग्रजीची ट्यूशन चालते. तिथे पोरं गाइडमधली उत्तरं मोठ्यानं पाठ करतात, आणि वर राहणारी ही बाई आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते, पण गाइड आणू देत नाही. ट्यूशनवाल्यानं म्हणे त्यांना दोनदा विचारलं, खालीच शिकवा, जिना उतरला की नोकरी. ह्या मात्र रोज परतवाड्याची एसटी पकडतात, फाट्यावर उतरतात आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून गावापर्यंत चालत येतात. फळ्यापाशी पुस्तकातलं मराठी बोलतात, व्हरांड्यात आल्या की वऱ्हाडी. उंची बेताची, आवाज बारीक. रागावलेल्या मी त्यांना पाहिलं नाही, आणि माझ्या मते हाच त्यांच्यातला मोठा दोष आहे.

माझं सांगायचं तर दहावीत इंग्रजीनं मला आडवं केलं आणि मी परत परीक्षेला बसलो नाही. पुढचं सगळं कचेऱ्यांच्या व्हरांड्यात शिकलो. ग्रामपंचायतीचा कायदा विकत आणून वाचला, माहितीचा अधिकार पाठ केला. पंचक्रोशीत कोणालाही निवेदन लिहून पाहिजे असलं तर तो बंडूभाऊकडे येतो.

आता मूळ भांडण. आमच्या गावचा भाजीबाजार शाळेच्या रस्त्यावर, शाळेच्या भिंतीला लागून बसतो. गुरुवारी मोठा, बाकी दिवस चार-दोन बाया. अगदी फाटकाला खेटून पहिली जागा मनकर्णाबाईची. तिचा नवरा खुशालराव मळ्यात पिकवतो, ही विकते. मेथी, पालक, वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. शाळेला भिंत नव्हती तेव्हापासून ती तिथे आहे. शालिकरामला हा बाजार उचलून पाण्याच्या टाकीमागे न्यायचा होता. रस्ता मोकळा व्हावा म्हणून, असं तो म्हणतो. रस्त्याच्या पलीकडे त्याच्या नव्या गाळ्यांचं बांधकाम चालू आहे, असं मी म्हणतो. टाकीमागे कुत्रं फिरकत नाही. तिथे मेथी घेऊन बसलेली बाई मेथी घेऊनच घरी येणार.

मी निवेदनावर निवेदन दिलं. शेवटी पंचायत समितीच्या साहेबांनी सुनावणी लावली. ग्रामपंचायतीनं काय कागद जोडलेत ते पाहायला मी नक्कल काढली, आणि त्यात इंग्रजीत लिहिलेलं एक पान निघालं. वहीचं. रेघा मारलेलं. खाली मराठीत सही, मनकर्णा खुशालराव. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ग्रामपंचायतीच्या बाबूनं लिहिलं होतं, भाजी विक्रेत्या महिलेची स्थलांतरास संमती.

मी ते पान घेऊन तसाच मनकर्णाबाईकडे गेलो.

"काकू, तुमी सही केली हे?"

तिनं डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं. "सही माहीच हाये. पन हे तं रागिणीचा अभ्यास हाये ना."

रागिणी तिची पोरगी, नववीत. आणि इथे आमच्या शाळेची रीत सांगायला पाहिजे. पोरं घरी वही उघडत नाहीत म्हणून हेडमास्तरांनी नियम केला, की भाषेच्या प्रत्येक अभ्यासाखाली पालकाची सही पाहिजे. सही नसली तर उभं राहावं लागतं. म्हणून गावभर संध्याकाळी सह्यांचा कारभार चालतो. चुलीपाशी, गोठ्यात, मोटरसायकलच्या सीटवर. वाचत कोणीच नाही. इंग्रजीचं तर वाचायचा प्रश्नच येत नाही.

मी तडक शाळेत गेलो. नववीचा तास चालू होता. दारातच म्हटलं, "मॅडम, बाहेर या."

"तास संपू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "मागच्या बाकावर जागा आहे."

चाळीस पोरं माझ्याकडे पाहत होती. परत फिरलो असतो तर बंडूभाऊ बाईला घाबरून गेला असं गावभर झालं असतं. मी बसलो. बाक इतका बुटका, की गुडघे हनुवटीला लागत होते.

मॅडमनी इंग्रजीत अर्ध्या पानाची गोष्ट छापून आणली होती, स्वतः लिहिलेली. आमराईचा राखणदार मालकाला सांगतो, की आंबे माकडांनी नेले. एवढीच. पोरं एकेक ओळ वाचून मराठीत अर्थ सांगत होती. मग मॅडम म्हणाल्या, "गोष्ट कोण सांगतंय?"

"राखणदार."

"तो खरं बोलतोय?"

"नाई मॅडम. त्यानंच खाल्ले."

"मजकुरात कुठं?"

हे त्यांचं पालुपद. कोणी काहीही बोललं की मजकुरात कुठं. एक पोरगा म्हणाला, आंबे गोड होते असं तो म्हणते, माकडानं नेले तं याले काय मालूम गोड होते. सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, ते मी दाबलं. मी भांडायला आलो होतो.

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या फाइलीकडे गेलं. "भाऊ, ते बाजाराचं निवेदन आहे का? वर्गाला वाचून दाखवता?"

आता निवेदन वाच म्हटल्यावर मी नाही म्हणणारा माणूस नाही. उभा राहिलो, आणि चौकात वाचतो तसं वाचलं. उपरोक्त विषयास अनुसरून, पासून अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील, इथपर्यंत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी टाळ्या संपू दिल्या.

"हे कोणाला लिहिलंय?"

"साहेबाले."

"साहेबानं काय करावं असं म्हणतंय?"

मग पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, घाबरावं."

वर्ग हसत सुटला. मॅडम म्हणाल्या, "मजकुरात कुठं?" पोरीनं तीव्र आंदोलनाची ओळ सांगितली. "बरं. आणि बाजार तिथंच का राहावा, हे कुठं आहे?"

निवेदन बाकाबाकावरून फिरलं. माझं निवेदन, ज्याची पोच माझ्या फाइलीत आहे, ते नववीतली पोरं पेन्सिल घेऊन तपासत होती. अन्याय सापडला, पुष्कळ ठिकाणी सापडला. कष्टकरी सापडले. हुकूमशाही सापडली. बाजार तिथेच का, ते सापडेना.

मला राहवलं नाही. "अन्याय म्हनजे अन्याय मॅडम. त्याचं कारन सांगा लागते काय?"

"ज्याच्यावर होतो त्याला नाही सांगावं लागत भाऊ," त्या म्हणाल्या. "साहेबाला लागतं."

मी खाली बसलो. भिंतीकडच्या रांगेत रागिणी बसली होती. सगळा वेळ तिनं मान वर केली नाही.

तास सुटल्यावर व्हरांड्यात मी ते पान मॅडमच्या पुढे धरलं. "हे काय हाये?"

त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे फाइलीत कसं गेलं?"

"तेच मी विचारून राहिलो."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. परीक्षेत एका बाजूचं मत छापून येतं आणि पोरांनी दुसऱ्या बाजूनं लिहायचं असतं, मुद्दे देऊन, समोरच्याला पटेल असं. पोरं गाइडमधलं पाठ करून येतात. मोबाइल शाप की वरदान. मॅडमनी ते बंद केलं आणि गावातला विषय दिला. बाजार शाळेपुढून हलवावा का? अट एकच, घरी जे बोलतात त्याच्या उलट बाजूनं लिहायचं. भाजीवाल्यांच्या पोरांनी लिहायचं हलवा, बाकीच्यांनी लिहायचं राहू द्या. सगळ्यांत चांगला रागिणीचा झाला म्हणून तो व्हरांड्यातल्या फलकावर लागला. स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून शालिकराम आला होता. त्याला त्याच्या पोरानं, ह्याच वर्गातल्या शिवमनं, पानाचा अर्थ सांगितला. शालिकरामनं फोटो काढून नेला, तोच छापून फाइलीत लागला.

"पोरीले मायच्या विरोधात लिहाले लावलं तुमी," मी म्हटलं. "मायची सही बी घेतली. अन् तुमी सोता माळ्याच्या."

"मायच्या विरोधात नाही भाऊ. दुसऱ्याच्या डोक्यानं विचार करता आला पाहिजे म्हनून."

"मंग ते खोटं हाये ना? तसं लिहून द्या. पोरीनं खोटं लिहिलं, मी लिहाले लावलं."

"खोटं कसं म्हनू? तिथं पानी साचते हे खरं हाये."

"मंग खरं हाये?"

"तिचं मत नाही ते."

"खरं नाही, खोटं नाही, तिचं नाही. मंग हाये काय?"

"अभ्यास हाये," त्या म्हणाल्या, आणि आपणच सांगितलेलं आपल्याला पुरेना तशा पानाकडे पाहत राहिल्या.

मला संताप आला. पण संतापात माझं डोकं जास्त चालतं. मी म्हटलं, "एक सांगा. शालिकरामच्या घरी तं बाजार नको हाये. म्हनजे त्याच्या पोरानं काय लिहिलं असन?"

त्यांनी बोटांवरचा खडू पुसला.

"बाजार राहू द्या. अन् खाली सही कोनाची?"

त्या हळूच म्हणाल्या, "वडलांची."

"मॅडम, ते पान द्या मले."

"नाही."

"काहून?"

"रागिणीचं पान तिच्या मायची संमती नाही, असं मी साहेबापुढे सांगनार हाये. मंग शिवमचं पान त्याच्या बापाची संमती कशी होईन? ते त्यानं केलं म्हनून आपन करायचं काय?"

"व्हय. तेच कराचं असते."

त्यांनी मान हलवली. सुनावणीला मी येते, तिथे सांगते, पण पोराची वही मागून देणार नाही. हातात तयार दगड आहे, समोर काच आहे, आणि ही बाई म्हणते दगड माझा नाही. मी पाय आपटत निघालो.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाई पोरीवर उखडली होती. घरी नाही, तिथेच, दुकानावर. "मायनं दिवसभर उन्हात बसून तुले शिकोलं, अन् तू मलेच उठवाले लिहून देते."

"मॅडमनं सांगतलं होतं," रागिणी म्हणाली.

"मॅडमनं सांगतलं तं हिरीत उडी घेशीन?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बंडू, काय लिहिलं हाये हिनं, मले वाचून सांग."

मी पान हातात घेतलं. मधले शब्द मला लागत नव्हते. रागिणीनं न बोलता ते माझ्या हातातून घेतलं आणि वाचायला लागली, एक ओळ इंग्रजीत, एक मराठीत. सकाळी शाळा भरताना फाटकापाशी पोरींना आत जायला जागा राहत नाही. सडकी भाजी भिंतीला टाकतात, तिथे पाणी साचतं, डास होतात, पहिल्या खोलीतली पोरं आजारी पडतात. बाजारात बसणाऱ्या बायांना इथे ना सावली आहे ना संडास. ज्या जागेवर बसणाऱ्याचेही हाल आणि जाणाऱ्याचेही हाल, ती जागा कोणाच्या सोयीची आहे?

पोरीनं वाचायचं थांबवलं. मनकर्णाबाई वांग्यांवर पाणी शिंपडत होती, तिचा हात तसाच राहिला.

"खरं हाये हे," ती म्हणाली. मग चिडून म्हणाली, "पन मले काहून पटून राहिलं हे?"

मलाही पटत होतं. मी तसं बोललो नाही. मी वर्षभर ज्या जागेसाठी भांडत होतो तिथे संडास नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते माझ्या विरोधात जातं म्हणून कधी लिहिलं नव्हतं. रागिणी म्हणाली, "आई, लिहिता लिहिता मलेच वाटाले लागलं बाजार हलवला पाहिजे. आता नाई वाटत. कधी कधी वाटते." आणि ती रडायला लागली. पोरीवर रागवावं की तिला जवळ घ्यावं ते मनकर्णाबाईला समजेना. शेवटी तिनं गिऱ्हाइकाला जुडी दिली.

शिवमला मी दुसऱ्या दिवशी क्रिकेटच्या मैदानावर गाठला. पोरगं बापासारखं नाही, भोळं आहे.

"का रे, तुह्या त्या बाजाराच्या अभ्यासाले किती मार्क भेटले?"

"तीन, काका. दहापैकी." त्याला लाज वाटली.

"दाखव बरं. मले वाटते मॅडमनं कमी देल्ले."

कोणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय म्हणून त्यानं खुशीत दप्तरातून वही काढली. चार ओळी होत्या. खाली शालिकरामची लफ्फेदार सही. मी फोटो काढला. चूक केली असं मला त्या दिवशी वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण वही परत घेताना पोरानं विचारलं, "काका, सांगसान ना मॅडमले, अजून दोन द्या म्हना." त्याला मी हो म्हटलं, आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

सुनावणीला साहेब नवीन होते, तरुण, चष्मा लावलेले. एका बाजूला शालिकराम आणि ग्रामपंचायतीचा बाबू. दुसरीकडे मी, मनकर्णाबाई, मागे भाजीवाल्या बाया. मॅडम अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या.

साहेबांनी पान वर धरलं. "बाई, सही तुमची?"

"व्हय साहेब. पोरीच्या सगळ्याच अभ्यासावर माही सही असते. एकदा तिनं लिहिलं होतं, मी एक फाटकी छत्री हाये, मले कोनी विचारत नाई. त्याच्याखाली बी माहीच सही हाये. मंग मी छत्री हाये काय?"

बाया हसल्या. साहेबही हसले, पण लगेच सावरले. "छत्रीचं वेगळं आहे. बाजारात तुम्ही खरंच बसता." मग ते मॅडमकडे वळले. "मॅडम, हे मत कोणाचं?"

"कोणाचंच नाही सर. मी तिला ह्या बाजूनं लिहायला सांगितलं होतं."

"म्हणजे तुमचं मत, बाजार हलवावा?"

"नाही सर."

"मग हलवू नये?"

"असंही नाही. मी मत द्यायला आले नाही."

"मग कशाला आलात?" साहेबांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

"हे पान कसं वाचायचं ते सांगायला," मॅडम म्हणाल्या. "लिहिणारी कोण, कोणासाठी लिहिलं, कशासाठी लिहिलं, हे आधी पाहायचं, मग मुद्दे पाहायचे. हे वर्गासाठी लिहिलंय. समोरच्याचं म्हणणं मांडता येतं का, ते पाहायला."

शालिकराम म्हणाला, "साहेब, कागद हाये, सही हाये. मॅडम आता काहीबी सांगतीन."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना समजलं मी काय करणार आहे. त्यांनी मान किंचित हलवली, नको म्हणून. मी फोन काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हे उपसरपंचाचं संमतीपत्र. बाजार हाये तिथंच राहू द्या, म्हनते. खाली सही पाहा."

साहेबांनी पाहिलं. शालिकराम वाकून पाहायला गेला आणि बिथरला. "अरे, हा शिवमचा अभ्यास हाये. लेकराच्या अभ्यासाले काय अर्थ हाये साहेब? मॅडम सांगते तसं लिहितेत पोरं."

शालिकरामला आपण काय बोललो ते उशिरा समजलं. साहेबांनी रागिणीचं पान फाइलीतून काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं. "मग हाही अभ्यासच. संमती रद्द. संमतीशिवाय बाजार टाकीमागे जाणार नाही."

मागे बाया उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मॅडमकडे पाहिलं, म्हटलं आता तरी ही बाई हसेल. त्या खाली पाहत होत्या.

"थांबा," साहेब म्हणाले. "संमती नसली तरी मी दोन्ही पानं वाचलीत. ह्या मुलीनं फाटकाचं जे लिहिलंय ते बरोबर आहे. दुसऱ्या पानात त्याला उत्तर नाही. तुमच्या निवेदनातही नाही." हे माझ्याकडे पाहून. "बाजार तिथेच राहील. पण फाटकाच्या दोन्ही अंगांना दुकान लागणार नाही. कोणाचं म्हणणं असेल तर महिन्याच्या आत लेखी द्या."

फाटकाच्या अंगाला दुकान एकच होतं.

बाहेर बाया मला पेढे घ्या म्हणत होत्या. मनकर्णाबाई पायरीवर बसली होती. "बंडू, आपन जितलो ना?" तिनं विचारलं. "मंग माही जागा कोठी गेली?"

मी मॅडमवर घसरलो. "तुमचा अभ्यास. तुमच्या अभ्यासानं नेली जागा."

त्या मला उलटून म्हणू शकल्या असत्या, की तुमच्या फोटोमुळेच साहेबांनी दुसरं पान वाचलं. म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "शिवमचं पान चार ओळींचं होतं भाऊ. मी तीन मार्क देऊन सोडून दिलं. मनकर्णाबाईची बाजू त्या पोराकडे होती. त्याला परत लिहायला लावायला पाहिजे होतं. रागिणीचं छान झालं म्हनून मी तिच्याच मागे लागली."

म्हणजे हिला वाईट वाटत होतं ते जागा गेल्याचं की पोराला इंग्रजी नीट शिकवलं नाही ह्याचं? मी एसटीत बसेपर्यंत विचार करत होतो. तिला स्वतःलाही ते वेगळं करता येत नसावं.

गुरुवारी मनकर्णाबाईनं दुकान भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लावलं, पानठेल्याच्या समोर. फाटकापाशी रिकामी जागा तशीच होती, ओली, गवती चहाची दोन पानं पडलेली. मी तिची हरकत लिहून द्यायची म्हणून कागद घेऊन गेलो. पहिली ओळ झाली होती, उपरोक्त विषयास अनुसरून. पुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं.

तिथे शिवम उकिडवा बसला होता, मांडीवर वही. मागे मॅडम उभ्या.

"काकू," शिवमनं विचारलं, "तुमाले फाटकापाशीच काहून बसाचं हाये? इथं बी तं भाजी विकते."

मनकर्णाबाईनं आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सांबार निवडत खाली पाहूनच बोलली. "विकते. पन इथं ठेल्यावरचे लोक दिवसभर माह्या तोंडाकडे पाहत बसतेत. काहीबाही बोलतेत. फाटकापाशी मास्तर लोक येतेत जातेत, तिथं कोनी थांबत नाई. बाईच्या जातीले एकटीनं बसाले तेवढी एकच जागा हाये या रस्त्यावर."

वर्षभरात हे ती मला बोलली नव्हती. मी विचारलंच नव्हतं. शिवम लिहीत होता, अडखळत, इंग्रजीत.

"मॅडम," मी म्हटलं, "हे लिहून झालं की मले द्या. हरकतीले जोडतो."

"हे वर्गात राहील भाऊ. तुमची हरकत तुमी लिहा, काकूंनी आत्ता तुमाले बी सांगतलं." मग त्या पोराला म्हणाल्या, "आता पानठेलेवाल्याकडे जा. त्याचं काय म्हणणं आहे ते विचारून ये."

माझं डोकं सणकलं. "त्याचं कसलं म्हननं? बाईमानसाला त्रास देनाऱ्याचं बी म्हननं असते काय?"

"तेच विचारायला पाठवून राहिली," त्या म्हणाल्या.

शिवम वही घेऊन रस्ता ओलांडून ठेल्याकडे गेला. मॅडम त्याच्या मागे, जरा अंतर ठेवून. मनकर्णाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली आणि दोघांकडे पाहत राहिली.

"बंडू," ती म्हणाली, "ही बाई कोनाकडून हाये रे?"

"मले मालूम नाई काकू," मी म्हटलं, आणि कागद गुडघ्यावर ठेवून तिनं सांगितलं होतं ते आठवून लिहायला बसलो.